वनमाणसाच्या माहितीफलकाचा मजकूर तपासून हवा आहे (लोरिस, तिलारी पट्टा)

उक्षी

नमस्कार. दोडामार्ग-तिलारी भागातल्या एका निसर्गवाटेवर लोरिसचा, म्हणजे आपल्याकडच्या वनमाणसाचा, फलक लावायचा आहे. नेटवर ठिकठिकाणी मिळालेली माहिती जुळवून हा कच्चा मजकूर तयार केला आहे:

१. वनमाणूस हे जगातलं सर्वांत छोटं माकड.
२. त्याचा एकेक डोळा मेंदूपेक्षा मोठा असतो. डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान १८० अंशांत वळते.
३. अतिशय आळशी प्राणी. या झाडावरून त्या झाडावर उडी मारून जातो.
४. फळं, पानं आणि किडे खातो.
५. दिवसा झाडाच्या ढोलीत झोपतो.
६. चावल्यास विषबाधा होते.

यातलं काय चूक, काय बरोबर ते सांगा. शिवाय हाताचं आणि पायाचं मोठं चित्र काढायचं आहे, तर बोटांची ठेवण नेमकी कशी दाखवावी? रात्रीच्या फेरीत प्राणी शोधायची आणि बघायची पद्धत दोन ओळींत देता आली तर तीही हवी आहे.

---

अस्थिवेध

सहाही वाक्यं दुरुस्त करावी लागतील. दुसरं तर सगळंच्या सगळं दुसऱ्या प्राण्याचं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

डोळा मेंदूपेक्षा मोठा आणि मान १८० अंशांत फिरणारी, हे वर्णन टार्सियरचं. हा प्राणी फिलिपिन्स, बोर्निओ, सुलावेसी या बेटांवर राहतो, भारतात नाही. त्याच्या डोळ्याचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर, आणि एकेक डोळा वजनाला मेंदूइतका किंवा त्याहून जडच. एवढ्या मोठ्या डोळ्याची गरज का पडली? अनेक निशाचर सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे, म्हणजे डोळ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पडद्यामागे, उजेड परतवणारा चकचकीत थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला उजेड त्यावर आपटून मागे येतो आणि पेशींना तो पकडायची दुसरी संधी मिळते. मांजरीचे डोळे चमकतात ते यामुळेच. टार्सियरच्या पूर्वजांनी हा थर गमावला. मग अंधारात पुरेसा उजेड गोळा करायला डोळ्याचा आकारच वाढवणं एवढा एक मार्ग उरला.

लोरिसकडे तो थर शाबूत आहे. त्यामुळे त्याचे डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे, गोल आणि एकमेकांना खेटून असले, तरी मेंदूहून मोठे नाहीत. दृष्टिपटलात अंधूक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींचा भरणा आहे आणि रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी एकाच प्रकारच्या, म्हणजे रंगांतला फरक त्याला कळत नाही. मान लवचिक आहे, पण १८० अंशांचा आकडा त्याला लावू नका. चित्रासाठी फोटो निवडतानाही हेच तपासा. लांब शेपूट आणि बोटांच्या टोकांना गोल चकत्या दिसल्या तर तो टार्सियर. लोरिसला शेपूट जवळजवळ नसतेच, आणि दोन्ही डोळ्यांभोवतीच्या काळपट वर्तुळांमधून कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा उतरतो.

पहिलं वाक्य. लोरिस माकड नाही. नरवानर गणात आहे, पण ओल्या नाकाच्या शाखेतला, म्हणजे मादागास्करच्या लेमूरांच्या बाजूचा. (टार्सियर मात्र कोरड्या नाकाचा, आणि म्हणून लोरिसपेक्षा आपल्याला जवळचा. ही गोष्ट फलकावर यावी असं मला फार वाटतं.) सर्वांत छोटाही नाही. तो मान मादागास्करच्या किरिंदी जंगलातल्या जेमतेम ३० ग्रॅमच्या लेमूरकडे जातो. आपला लोरिस डोक्यापासून बुडापर्यंत साधारण १७ ते २६ सेंटिमीटर आणि १८० ते ३०० ग्रॅमचा. ‘एका हापूस आंब्याच्या वजनाचा’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या हाताला ते वजन लगेच जाणवेल.

तिसरं. ‘आळशी’ हा शब्द काढून टाका. कारण त्याचं सगळं अंग एकाच कामासाठी घडलं आहे: पकड न सोडता पुढे सरकणं.

उडी मारणाऱ्या प्राण्याचे पाय हातांपेक्षा बरेच लांब असतात. टार्सियरचे हात पायांच्या निम्म्याहून थोडेच जास्त भरतात. लोरिसचे हात पायांच्या जवळजवळ ९० टक्के, म्हणजे चारही खांब सारखेच. छाती आणि कंबर मिळून माणसाला १७ मणके, लोरिसला २० च्या वर. त्यामुळे धड लांबुळकं आणि हवं तसं पिळता येणारं. मनगट आणि खुबा सैल जोडलेले, हात-पाय जवळपास कुठल्याही दिशेला पोचतात. मागच्या पायांनी फांदी धरून तो अंग समोर लांबवतो, हाताने पुढची डहाळी गाठतो, तिची पकड पक्की झाली की मगच मागचे पाय सोडतो. म्हणजे तो दोन फांद्यांमधला पूल होतो. उडी मारतच नाही.

या चालीचे दोन फायदे. फांदी हलत नाही, म्हणून वरच्या किड्याला चाहूल लागत नाही आणि खालून फिरणाऱ्या शिकाऱ्यालाही नाही. मात्र तो फक्त हळूच चालतो हेही खरं नव्हे. मोकळ्या फांदीवर वेळ पडली तर तुरुतुरु पळतो.

तासन्‌तास फांदी घट्ट धरून ठेवल्यावर आपले हात बधिर होतील. लोरिसच्या दंडात आणि मांडीत मुख्य रक्तवाहिनी एका जाड नळीसारखी न राहता समांतर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या जुडग्यात फुटते. स्नायू आवळलेला असतानाही या जाळ्यामुळे रक्त वाहत राहतं आणि पकड टिकते, असं मानलं जातं.

आता चित्र. हात काढताना सांडशी डोळ्यांपुढे ठेवा. एका बाजूला अंगठा, त्याच्या थेट समोर मधलं बोट, अनामिका आणि करंगळी. तर्जनी मुद्दाम आखूड, खुंटासारखी दाखवा. ती लांब असती तर अंगठ्याच्या आणि बाकी बोटांच्या मध्ये आली असती आणि सांडशीचं तोंड एवढं उघडलं नसतं. चारही बोटांत अनामिका सगळ्यांत लांब. तळव्यावर मऊ, रेघा असलेल्या गाद्या. पायाची रचना हीच, अंगठा आणखी फाकलेला. सगळ्या बोटांना आपल्यासारखी चपटी नखं, फक्त पायाच्या दुसऱ्या बोटाला उभी, टोकदार नखी. ती केस विंचरायला आणि खाजवायला. चित्रकार हमखास इथे चुकतात आणि सगळ्या बोटांना नख्या काढतात.

दातांना जागा असेल तर खालचा जबडा दाखवा. एकूण ३६ दात. खालचे पुढचे सहा, म्हणजे चार पटाशीचे आणि दोन सुळे, आडवे होऊन पुढे झुकलेले असतात आणि मिळून कंगवा बनतो. त्यात अडकलेले केस काढायला जिभेखाली आणखी एक छोटी, खरखरीत काठाची जीभ असते.

सहावं. विषारी चाव्यासाठी ओळखला जातो तो स्लो लोरिस, जो आपल्याकडे ईशान्य भारतात आढळतो. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते, तिचा स्राव चाटून तो लाळेत मिसळतो. आपला सडपातळ लोरिस वेगळ्या प्रजातीचा. त्याचेही सुळे खोल रुततात, त्यामुळे हात लावू नये हे खरंच आहे, पण ‘विषारी’ लिहू नका. विषारी म्हटलं की लोक काठी घेऊन धावतात.

---

काळोखवाट

शरीराचं वर पूर्ण आलंय. मी अधिवास, खाणं आणि रात्रीची पद्धत घेतो.

नावापासून सुरुवात. ‘वनमानुष’ हा शब्द मराठीत ओरांगउटान, गोरिला यांनाही वापरतात. फलकावर वनमाणूस हे गावातलं नाव ठळक द्याच, पण त्याखाली ‘सडपातळ लोरिस’ जोडा. भारतातल्या करड्या सडपातळ लोरिसच्या दोन उपजाती आहेत. पूर्वेच्या कोरड्या भागातला म्हैसूर लोरिस करडा आणि आकाराने मोठा, तर सह्याद्रीच्या ओल्या उतारावरचा मलबार लोरिस लहान आणि तांबूस-तपकिरी. केरळ, कर्नाटक करत गोव्यात मोले, खोतीगाव आणि तिथून तुमच्या पट्ट्यापर्यंतचा, तो हा मलबार. नेटवरचे बरेच फोटो म्हैसूर लोरिसचे किंवा श्रीलंकेतल्या तांबड्या लोरिसचे असतात, ते लावू नका.

मलबारला सदाहरित, निमसदाहरित आणि ओलं पानझडी जंगल लागतं. म्हैसूर लोरिस मात्र काटेरी झुडपांत, बाभूळ-खैराच्या रानात, शेताच्या बांधावरच्या कुंपणातही टिकतो. तमिळनाडूत दिंडिगल आणि करूर जिल्ह्यांतल्या अशाच कोरड्या रानात २०२२ साली ११,८०६ हेक्टरांचं कडवूर अभयारण्य खास लोरिससाठी जाहीर झालं, तो देशातला असा पहिला प्रयत्न. बेंगळुरूत तर जुन्या झाडीच्या आवारांत, शहराच्या मधोमध लोरिस आहेत. म्हणजे अमुकच झाड हवं असा त्याचा हट्ट नाही. हट्ट आहे तो मांडणीचा: बोटभर जाडीच्या डहाळ्या, त्यांना बांधून ठेवणाऱ्या वेली, आणि मध्ये कुठे खंड नाही. रुंद खोडाभोवती त्याची सांडशी मावत नाही, त्यामुळे उंच, सरळ, खालच्या फांद्या छाटलेल्या झाडांची ओळ आपल्याला जंगल वाटली तरी त्याला ती ओसाडच.

चौथं वाक्य: पानं तो खात नाही. आहार जवळजवळ सगळा प्राणिज. तमिळनाडूत अय्यलूरच्या रानात झालेल्या अभ्यासात खाण्याच्या नोंदींपैकी ९६ टक्के किडे आणि इतर छोटे प्राणी होते. मुंग्या, वाळवी, भुंगेरे, नाकतोडे, कधी पाल किंवा पक्ष्याचं पिल्लू. झाडाचा डिंक अधूनमधून. दुर्गंधी सोडणारे, चावणारे, दुसरे प्राणी टाळतात तसले किडेही तो खातो. मुंग्यांचा फडशा पाडण्याआधी तो स्वतःचं मूत्र हातापायांना चोळताना दिसतो. दंशाचा त्रास कमी व्हावा, पकड चिकट व्हावी की वास मागे राहावा, यावर वेगवेगळी मतं आहेत. फलकावर नुसती कृती लिहा, कारण लिहू नका.

पाचवं: ढोली नाही, घरटंही नाही. दिवसा तो फांदीवरच बसून झोपतो, डोकं मांड्यांत खुपसून केसाळ चेंडू होऊन, चारही पंजांनी फांदी धरून. कधी एकटा, कधी तीन-चार जण एकमेकांत गुंतलेले. यासाठी वेलींची दाट गुंतवळ, बांबूचं बेट किंवा काटेरी जाळी हवी. तुमच्याकडे उक्षी, चिल्हार, शिकेकाईच्या जाळ्या हेच काम करतात. ‘झाडोरा साफ करणे’ या नावाखाली वाटेकडेच्या या जाळ्या आधी तोडल्या जातात आणि उभी झाडं राहिली म्हणून कुणाला काही बिघडलं असं वाटत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी लोरिसची झोपायची जागा गेलेली असते.

आता रात्रीची पद्धत.

बॅटरी कपाळावरचीच घ्या, हातातली नको. डोळ्यातला तो चकचकीत थर उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो. बॅटरी कमरेशी धरली तर चमक कमरेकडे येते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. ‘आमच्याकडे लोरिस नाहीत’ असा निष्कर्ष काढणाऱ्या पुष्कळ फेऱ्या या एका चुकीमुळे रिकाम्या जातात.

काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबराने बसवा. लोरिसची दृष्टी लाल टोकाला फार मंद आहे, त्यामुळे त्या उजेडात तो आपलं काम चालू ठेवतो. पांढरा झोत थेट पडला तर दंडपेशी दिपतात, आणि डोळा पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत त्याला ना किडा दिसतो ना घुबड. फ्लॅश तर नकोच.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करा. वेग तासाला एक किलोमीटर, जास्तीत जास्त दीड. बोलणं बंद. पाहणारे दोघे, एकाने डावी बाजू घ्यायची, एकाने उजवी. नजर आधी खालच्या झुडपांवर, मग मधल्या थरात, मग शेंड्याकडे. काटेरी रानात लोरिस बहुतेक वेळ पाच मीटरच्या आत सापडतो, पण दाट ओल्या जंगलात तो वरही असतो आणि पानांआड चुकतो. म्हणून पानगळीनंतरचे महिने सोयीचे. एका रात्री एकच वाट एकदाच चाला, परतीच्या वाटेवरचे प्राणी मोजलेत तर तेच दोनदा मोजले जातात.

चमक तांबूस-नारिंगी, निखाऱ्यासारखी, आणि दोन ठिपके एकदम, अगदी जवळजवळ. कोळ्याची चमक बारीक, हिरवट-पांढरी, एकच ठिपका. उदमांजराचे डोळे जास्त अंतरावर असतात आणि मागे लांब शेपूट. रातवा चमकतो, पण सहसा जमिनीवरून. खात्री करायची ती अंगावरून: शेपूट नाही, हातपाय काटकुळे, हालचाल सलग, झटका नाही.

दिसला की वेळ, जमिनीपासून उंची, फांदीची जाडी, झाड, वेली होत्या की नाही, वाटेपासूनचं काटकोनातलं अंतर आणि किती जण होते, एवढं लिहा. दोन-तीन मिनिटांनी उजेड दुसरीकडे वळवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. डोळ्यांपासून औषध आणि वशीकरण करण्याच्या अंधश्रद्धेपायी हा प्राणी पकडला जातो.

---

उक्षी

दोघांचेही मनापासून आभार. बरं झालं विचारलं, नाहीतर फलकावर टार्सियर लागला असता.

आणखी दोन गोष्टी. फांदीला धरून बसलेलं एकटं पिल्लू किंवा रस्त्यावर आलेला लोरिस दिसला तर काय करावं, हे लोक हमखास विचारणार. आणि निसर्गवाटेला एक गाडीरस्ता आडवा जातो, तिथे वीजतारांखाली दरवर्षी छाटणी होते. त्याबाबत काही करता येईल?

---

काळोखवाट

पिल्लाचं आधी. गर्भकाळ सुमारे साडेपाच महिने, एक किंवा दोन पिल्लं, जुळीही बऱ्याचदा. पहिले तीन-चार आठवडे पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं असतं. पुढे आई त्याला संध्याकाळी एखाद्या डहाळीवर बसवून किडे शोधायला जाते आणि नंतर येऊन घेते. ते रात्री एकटं दिसलं म्हणजे अनाथ नव्हे. उजेड बंद करून निघून जायचं. उचलून आणलेलं पिल्लू आई शोधत असते, तेव्हा ते कुणाच्या तरी पुठ्ठ्याच्या खोक्यात असतं. दिवसा जमिनीवर पडलेलं, जखमी किंवा मुंग्या लागलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

रस्त्यावरचा मोठा लोरिस: दोन्हीकडची वाहनं थांबवा, गाडीचे दिवे बंद करा, तो चालत असेल तर चालू द्या. थिजून बसला असेल तर अंगठ्याएवढी जाड, पानं असलेली लांब फांदी त्याच्या हातांपुढे जमिनीवर आडवी ठेवा. तो ती धरतो. मग फांदीसकट उचलून तो ज्या दिशेने चालला होता त्याच बाजूच्या झाडाला टेकवा. फांदीवरून त्याला ओढून सोडवू नका. पकड सुटत नाही, आणि जोर केला तर बोटं मोडतात.

जखमी असेल तर भोकं पाडलेलं खोकं, आत आडवी बसवलेली काठी आणि पानं, वर गडद कापड, शांत जागा. दूध, केळं, बिस्किट काहीही देऊ नका. या प्राण्याचा चयापचय त्याच्या आकारावरून वाटतो त्याहून मंद असतो आणि पोट किड्यांसाठी घडलेलं असतं. भरवलेलं दूध श्वासनळीत गेलं तर तेवढ्यानेच जीव जातो. लगेच वनखात्याला कळवा, महाराष्ट्रात १९२६ ही मदतवाहिनी आहे. लोरिस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळण्यासाठी पकडला तर किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. फलकावर हे एका ओळीत यायला हवं.

---

अस्थिवेध

छाटणीबद्दल. मागचे पाय धरून अंग पूर्ण ताणलं तरी लोरिसचा पल्ला हातभराचा. म्हणजे दोन्हीकडच्या डहाळ्या भिडलेल्या असतील तर रस्ता त्याला अडवत नाही, आणि दीड-दोन हातांची फट पडली की खाली उतरण्याशिवाय गत्यंतर नाही. जमिनीवर तो अवघडून चालतो, तिथे चाकं आणि कुत्री. दुसरा मार्ग म्हणजे विजेची तार, आणि तो त्याहून वाईट.

म्हणून छाटणी थांबवा असं न म्हणता ती कशी करायची ते ठरवून घ्या. तारेपासून सुरक्षित अंतरासाठी वरचा शेंडा घ्यावाच लागेल. पण रस्त्यावर आडव्या येणाऱ्या खालच्या फांद्या वाहनांच्या उंचीच्या वर आणि तारेच्या बऱ्याच खाली असतील तर त्या ठेवता येतात. संपूर्ण रांग एकाच वर्षी न छाटता एकाआड एक झाड घेतलं तर दरवर्षी कुठे ना कुठे जोड शिल्लक राहतो. छाटणी आणि खोडावरच्या वेली तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कामगारांना आधी दाखवून द्या. विळा हातात असला की वेली पहिल्यांदा जातात.

जिथे फट आधीच पडली आहे तिथे दोर बांधता येईल, पण माकडांसाठी बांधतात तसा रुंद शिडीचा पूल इथे कामाचा नाही. लोरिसला मुठीत मावणारी जाडी लागते. अंगठ्याएवढे दोन दोर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, ताणून. नुसता नायलॉन गुळगुळीत असतो आणि नुसता काथ्या कोकणातल्या पावसात कुजतो, त्यामुळे आत नायलॉन आणि वरून काथ्या गुंडाळलेला घ्या. खोडाला करकचून आवळू नका, झाड जाडावलं की दोर सालीत रुततो. रबरी नळीतून ओवून सैल फास ठेवा आणि दर उन्हाळ्यात बदला. दोराची दोन्ही टोकं खोडाशी संपता कामा नयेत, ती बारीक डहाळ्यांच्या दाटीत न्यायला हवीत. लोरिस येतो तो डहाळ्यांतून, खोडावरून नव्हे. तार जवळ असेल तिथे दोर बांधूच नका, आणि वनखातं व वीज कंपनी दोघांचीही लेखी परवानगी घ्या.

त्याच जागी दोन्ही बाजूंना उक्षीची वेल लावून ठेवा. ती वाढून वर चढली की दोराचं काम संपतं.